पेटीची दुसरी किल्ली: प्रोटेस्टंट मंडळ्यांतील अधिकार आणि पैशाचा हिशेब

धागालेखक: शेवटच्या बाकावरून

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, वार्षिक सभेत खर्चाविषयी प्रश्न विचारला की आकड्याऐवजी वचन ऐकायला मिळते, असा अनुभव येथे अनेकांना असेल. ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे त्यांतले सर्वांत लाडके वचन; अभिषिक्त म्हणजे देवाने नेमलेले. बायबलमधील स्तोत्र १०५ उघडून पाहिले तर तेथे देव राजांना दटावतो आहे, आणि ज्यांना हात लावायचा नाही ते अब्राहाम, इसहाक व याकोब हे एका मुलखातून दुसऱ्या मुलखात भटकणारे, मूठभर, उपरे लोक आहेत. दुबळ्यांना सत्तेपासून वाचवणारे वचन सत्तेला प्रश्नांपासून वाचवण्यासाठी वापरले जाते, आणि ते वापरणारे बहुधा ‘केवळ पवित्र शास्त्र’, म्हणजे बायबल हेच अंतिम प्रमाण, या तत्त्वाचे कडवे अभिमानी असतात. ही गंमत बरीच वर्षे मनात घोळत होती, म्हणून हा धागा काढतो आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रोटेस्टंट चळवळीच्या जन्मकाळी अधिकार कोणाचा आणि पैशाची किल्ली कोणाकडे हे दोन प्रश्न वेगळे नव्हते. पुढे ते वेगळे करण्यात आले. शिकवण पारखण्याचा हक्क सर्वसामान्य विश्वासणाऱ्याला निदान तत्त्वतः मिळाला, परंतु हिशेबाची वही पाहण्याचा हक्क मात्र हळूहळू थोड्यांच्या हाती गेला. आणि ज्याच्या हाती वही, त्याच्याच हाती कालांतराने शिकवणही गेली.

१५१७ साली जर्मनीतील विटेनबर्गमध्ये जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी एक कर्ज होते. माइन्झचे आर्चबिशपपद मिळवण्यासाठी आल्ब्रेख्त याला रोमला मोठी रक्कम भरावी लागली. ती त्याने फुगर पेढीकडून उचलली आणि तिच्या फेडीसाठी क्षमापत्रांची, म्हणजे पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांची, विक्री आपल्या प्रदेशात चालू दिली. जमा झालेल्या पैशांपैकी निम्मे पेढीला आणि निम्मे रोममधील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामाला, असा तो व्यवहार होता. या विक्रीविरुद्ध उभ्या राहिलेल्या, प्रोटेस्टंट चळवळीचा आरंभ करणाऱ्या ल्यूथरच्या ९५ प्रबंधांपैकी ८६ वा प्रबंध तर सरळ हिशेबाचाच आहे: पोप आज सर्वांत धनाढ्यांहून धनाढ्य असताना हे एक मंदिर तो गरीब विश्वासणाऱ्यांच्या पैशांऐवजी स्वतःच्या पैशांनी का बांधत नाही, असा प्रश्न सामान्य लोक विचारतात, असे ल्यूथर तेथे लिहितो. त्या लोकांना विचारांती उत्तर द्यावे लागेल, त्यांचे तोंड नुसत्या जोरावर बंद करून चालणार नाही, हेही तो नंतरच्या प्रबंधात बजावतो.

त्यानंतर सहाच वर्षांनी घडलेली एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात तक्रार नाही, व्यवस्था आहे. १५२३ साली सॅक्सनीतील लाइस्निग या छोट्या गावाच्या मंडळीने ‘सामाईक पेटी’ची योजना आखली आणि ल्यूथरने तिला प्रस्तावना लिहिली. पेटी चर्चमध्ये ठेवायची. तिला चार वेगवेगळी कुलुपे लावायची. एक किल्ली सरदार मंडळींकडे, दुसरी नगरपरिषदेकडे, तिसरी गावातील नागरिकांकडे आणि चौथी आसपासच्या शेतकऱ्यांकडे. कारभारी दहा निवडायचे: सरदारांतून दोन, परिषदेतून दोन, नागरिकांतून तीन आणि शेतकऱ्यांतून तीन. त्यांनी वह्या ठेवायच्या आणि वर्षातून तीन वेळा साऱ्या मंडळीसमोर हिशेब वाचायचा. पाळकाचे, म्हणजे मंडळीच्या धर्मोपदेशकाचे, वेतन, शाळा, अनाथ, वृद्ध, इमारतीची डागडुजी आणि अडचणीच्या काळासाठी धान्याचा साठा, हे सर्व त्याच पेटीतून. त्याच वर्षी त्याच गावासाठी ल्यूथरने दुसरे एक लिखाण केले, ज्यात शिकवण पारखण्याचा आणि शिक्षक नेमण्याचा किंवा काढण्याचा अधिकार मंडळीला आहे, असे प्रतिपादन होते. एकाच गावाला, एकाच वर्षी, पाळकाच्या शिकवणीची आणि पेटीची अशी दोन्ही प्रकारची किल्ली दिली गेली, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे. जुन्या देणग्या आणि मालमत्ता पेटीच्या स्वाधीन करण्यास नगरपरिषद राजी होईना, आणि खुद्द ल्यूथरला त्यासाठी मध्यस्थी करावी लागली. म्हणजे ही पेटी अडली ती किल्लीवरच.

आता माझ्या डोळ्यांसमोरचे. मी काही काळ रविवारच्या अर्पणाच्या मोजणीला बसत असे. उपासना संपली की दानथैल्या मागच्या खोलीत यायच्या, टेबलावर पालथ्या व्हायच्या, चुरगळलेल्या नोटा तळहाताने सपाट करून गठ्ठे बांधले जायचे, पाकिटांवरचे क्रमांक वहीत उतरवले जायचे. त्या वहीत प्रत्येक पानाच्या तळाशी सहीसाठी दोन रेघा होत्या, कारण नियमच असा की मोजणारे दोघे असावेत. एकदा मी पुढची कोरी पाने चाळली, तर प्रत्येक पानावर दुसऱ्या रेघेवरची सही आधीच होऊन बसलेली होती. रविवार अजून उगवायचा होता, पैसे अजून लोकांच्या खिशांत होते, आणि ते बरोबर मोजले गेल्याची साक्ष तयार होती.

या विषयावर सविस्तर चर्चा व्हावी. मंडळीची वा व्यक्तीची नावे कृपया घेऊ नयेत. जी प्रकरणे जगजाहीर आहेत आणि न्यायालयात वा अहवालांत नोंदली गेली आहेत, त्यांना अर्थातच हरकत नाही.

प्रतिसाद १. साधा विश्वासू

धागा अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्याचा सूर मला खटकला. मंडळी म्हणजे पतपेढी नव्हे. अर्पण मनुष्याला दिलेले नसते, ते देवाला दिलेले असते. एकदा दिल्यानंतर त्याच्या मागे हिशेबाची दोरी बांधून ठेवणे म्हणजे दिलेच नाही असे होते. इब्री १३:१७ मध्ये अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहण्यास सांगितले आहे, कारण त्यांना आपल्या जिवांविषयी हिशेब द्यायचा आहे. तो त्यांनी देवाला द्यायचा आहे, सभासदांना नव्हे. शिवाय २ राजे १२:१५ वाचावे. मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा ज्यांच्या हाती दिला जाई त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ते प्रामाणिकपणे वागत, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. विश्वास हाच मंडळीचा पाया असेल तर एका पेटीला चार कुलुपे कशासाठी?

प्रतिसाद २. वहीखाते

माझा व्यवसाय हिशेब तपासण्याचा आहे आणि मी एका मंडळीचा सभासदही आहे, त्यामुळे या विषयावर दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

साधा विश्वासू यांनी दिलेले वचन अगदी बरोबर आहे. फक्त ते त्या अध्यायाचे शेवटचे पान आहे, पहिले नव्हे. त्याच अध्यायात आधी काय घडते? यहूदाच्या योवाश राजाने मंदिरातील याजकांना सांगितले की लोकांकडून येणारा पैसा घ्या आणि मंदिराची डागडुजी करा. राजाचे तेविसावे वर्ष उजाडले तरी डागडुजी झाली नव्हती. पैसा येत होता, भिंती तशाच होत्या. तेव्हा राजाने याजकांना पैसे घेण्यासच मनाई केली आणि यहोयादा याजकाने एक पेटी घेऊन तिच्या झाकणाला भोक पाडले व ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसे पुष्कळ झाले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येत, मोजत आणि थैल्यांत बांधत. मोजणीला दोन माणसे, आणि तीही दोन वेगळ्या सत्तांची. एवढी तजवीज झाल्यानंतर मग पंधरावे वचन येते, की सुतार-गवंड्यांना पैसे वाटणाऱ्यांकडून हिशेब घेत नसत. ज्यांच्यावर विश्वास टाकला गेला ते कामावर देखरेख करणारे होते. ज्यांच्याकडून पैसा काढून घेतला गेला ते याजक होते. आपण हे वचन याजकांच्या बाजूने वाचतो, हे आश्चर्यच म्हणायचे.

प्रेषित पौलाचेही उदाहरण आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम नेताना मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू तो बरोबर घेतो, आणि एवढी मोठी रक्कम हाताळताना आपल्यावर कोणी ठपका ठेवू नये म्हणून ही काळजी घेतो, असे करिंथच्या मंडळीला, म्हणजे करिंथकरांना, स्पष्ट लिहितो. पौलाच्या हेतूविषयी करिंथकरांना शंका असती तरी त्याला स्वतःला नव्हती. तरीही त्याने साक्षीदार मागून घेतला. प्रामाणिक माणसाला दुसऱ्या सहीचा अपमान वाटत नाही, कारण ती सही त्याचेच रक्षण करते, हे माझ्या धंद्यातले पहिले सूत्र आहे.

आता विश्वासाच्या नावाखाली काय घडू शकते याचे एक नोंदलेले उदाहरण. सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चमधील एका सभासदाने २००३ साली जाहीरपणे विचारले, की संस्थापक पाळकाच्या पत्नीच्या गायनकारकिर्दीवर मंडळीचा पैसा खर्च होतो आहे काय. परिणाम असा झाला की त्या सभासदालाच वर्तमानपत्रांतून माफी मागावी लागली. बारा वर्षांनी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, न्यायालयाने पाळक काँग ही यांच्यासह सहा जणांना दोषी ठरवले: मंडळीच्या इमारत निधीतील सुमारे २.४ कोटी सिंगापूर डॉलर बनावट रोख्यांत घालून त्या कारकिर्दीकडे वळवले होते, आणि ते झाकण्यासाठी आणखी सुमारे २.६ कोटी डॉलर फिरवले होते. पाळकाची आठ वर्षांची शिक्षा २०१७ च्या अपिलात साडेतीन वर्षांवर आली. मला शिक्षेत फारसे स्वारस्य नाही. त्या बारा वर्षांत किती रविवार आले आणि किती वेळा थैली फिरली, याचा हिशेब मात्र मनातून जात नाही.

धागालेखकांना एक प्रश्न: वहीच्या कोऱ्या पानांवरची ती दुसरी सही कोणाची होती?

प्रतिसाद ३. पाळकाची लेक

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. माझ्या वडिलांनी आयुष्यभर पाळकाचे काम केले, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने थोडे लिहिते.

धाग्यात पाळक म्हणजे किल्ली दाबून बसलेला माणूस, असे चित्र उभे राहते. माझ्या घरी किल्ली नव्हतीच. किल्ली पंचमंडळातील, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीतील, दोन घराण्यांकडे होती. सर्वांत मोठी वर्गणी त्यांची, म्हणून खजिनदार त्यांच्यातला, आणि म्हणून वडिलांचा उपदेशही अप्रत्यक्षपणे त्यांच्याच मर्जीतला. एका वर्षी वडिलांनी बायबलमधील याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायावर, मजुरांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या श्रीमंतांवर, उपदेश केला. पुढच्या महिन्यापासून वेतन उशिरा येऊ लागले. कोणी काही बोलले नाही. फक्त ‘सही करायला माणूस गावी नाही’ असे कळत राहिले. आम्ही राहत होतो ते घर मंडळीचे, त्यामुळे घरात खिळा ठोकायचा तरी आई आधी विचारून येत असे, आणि निवृत्तीनंतर ते घर रिकामे करताना भिंतीवर आमच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या त्या रंगवून द्याव्या लागल्या.

म्हणून ‘किल्ली मंडळीकडे द्या’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. मंडळी म्हणजे कोण? एकोणिसाव्या शतकापर्यंत आणि काही ठिकाणी त्यानंतरही, अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये बाके भाड्याने दिली जात. समोरचे बाक भाडे भरणाऱ्याचे, मागे किंवा कडेला गरिबांसाठी फुकट जागा. म्हणजे याकोबाने ज्या सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगल्या जागी बसवू नका म्हणून सांगितले, त्याला बसवून वर पावतीही दिली जात होती. जॉर्ज म्यूलर यांनी १८३० साली टिनमथ येथे बाकभाडे आणि स्वतःचे ठरलेले वेतन दोन्ही सोडले आणि चॅपलमध्ये एक पेटी ठेवली, ती याच कारणासाठी. पुढे ब्रिस्टलच्या अनाथगृहांचा प्रचंड पसारा उभारताना त्यांनी मिळालेल्या देणग्यांचा तपशील छापून लोकांसमोर ठेवला. त्यांचा आदर आहेच. परंतु प्रत्येक पाळकाला म्यूलर व्हा असे सांगून पंचमंडळ आपली वेतनाची जबाबदारी झटकते, हेही मी पाहिले आहे.

प्रतिसाद ४. शेवटच्या बाकावरून

ताई, आपल्या प्रतिसादाने माझ्या मांडणीतील एक भोक दाखवले. ते मान्य करतो. लाइस्निगच्या पेटीला चार कुलुपे होती ती बहुधा म्हणूनच. एक किल्ली ‘मंडळी’कडे दिली असती तर ती परिषदेच्या खिशात गेली असती. शेतकऱ्यांच्या हाती स्वतंत्र किल्ली असणे हा त्या योजनेचा प्राण होता. दोन वर्षांनी, १५२५ साली, दक्षिण जर्मनीतील शेतकऱ्यांनी जी बारा कलमे मांडली त्यांतले पहिले कलम पाळक निवडण्याच्या व काढण्याच्या हक्काचे आहे, आणि लगेच दुसरे धान्याच्या दशमांशाचे: तो गावाने निवडलेल्यांनी गोळा करावा, त्यातून पाळकाला पुरेसे द्यावे आणि उरलेले गरिबांना. अधिकार आणि पैसा यांची जोडी शेतकऱ्यांना विद्वानांइतकीच नीट कळली होती. त्यांचा उठाव पुढे रक्तपाताने चिरडला गेला, आणि ल्यूथरने त्याविरुद्ध किती कठोर शब्दांत लिहिले, ते सर्वांना ठाऊक आहे. माझ्या नायकाचीही ही बाजू लपवून उपयोग नाही.

प्रतिसाद ५. उंबरठ्याबाहेरचा

मी कोणत्याच मंडळीचा सभासद नाही, इतिहासाचा वाचक आहे. या चर्चेत ‘प्रोटेस्टंट’ हा एकच शब्द फार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आहे, म्हणून थोडी फोड करतो.

पहिला प्रकार राज्याशी बांधलेल्या चर्चचा. इंग्लंडमध्ये १५३४ नंतर जी देणी रोमला जात होती, म्हणजे नव्या नेमणुकीच्या पहिल्या वर्षाचे उत्पन्न आणि दरवर्षीचा दहावा भाग, ती राजाकडे जाऊ लागली. पैशाचा मार्ग तोच राहिला, फक्त टोकाची पेटी बदलली. १७०४ साली राणी ॲन हिने ती देणी गरीब पाळकांच्या मदतीसाठी परत दिली आणि ‘क्वीन ॲन्स बाउंटी’ हा निधी उभा राहिला. गरीब पाळकांसाठी उभारलेल्या या निधीचा पैसा अठराव्या शतकात साउथ सी कंपनीत गुंतवला गेला, आणि ती कंपनी गुलामांचा व्यापार करत होती. १९४८ साली हा निधी चर्च ऑफ इंग्लंडची मालमत्ता सांभाळणाऱ्या चर्च कमिशनर्सच्या पोटात गेला, आणि २०२३ च्या जानेवारीत त्याच कमिशनर्सनी स्वतः करवलेल्या तपासाचा अहवाल प्रसिद्ध करून १० कोटी पौंडांची तरतूद जाहीर केली. ही दिरंगाई अडीचशे वर्षांहून अधिक आहे. पण वह्या जपून ठेवल्या होत्या म्हणून उशिरा का होईना उलगडा झाला, ही गोष्ट मी संस्थेच्या जमेच्या बाजूला लिहीन. २०१३ साली कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप वेल्बी, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख धर्मगुरू, यांनी वोंगा या चढ्या व्याजाने कर्ज देणाऱ्या कंपनीला धंद्यातून उठवण्याची भाषा केली, आणि लगोलग असे उघड झाले की चर्चचाच थोडा पैसा आडवळणाने त्या कंपनीत होता. आर्चबिशपांनाही ते ठाऊक नव्हते. पैशाच्या बाबतीत प्रमुखालाच अंधारात ठेवण्याइतकी गुंतागुंत झाली की ‘अधिकार कोणाचा’ हा प्रश्न जरा निराळाच होतो. जर्मनीत तर नोंदणीकृत सभासदाच्या आयकरावर आणखी ८ किंवा ९ टक्के चर्चकर सरकारी यंत्रणाच वसूल करते. तो नको असेल तर सरकारी कार्यालयात जाऊन चर्च सोडल्याचे रीतसर नोंदवावे लागते. श्रद्धेचा राजीनामा कर-कार्यालयाच्या भाषेत द्यावा लागणे हे मला, बाहेरचा असूनही, फार उदास करणारे वाटते.

दुसरा प्रकार एका माणसाभोवती उभ्या राहिलेल्या स्वतंत्र मंडळ्यांचा. अमेरिकेत करमुक्त धर्मादाय संस्थांना दरवर्षी जे माहितीपत्रक भरावे लागते, त्यातून चर्चना सूट आहे. सिनेटर ग्रासली यांनी २००७ साली सहा दूरचित्रवाणी प्रचारकांकडे विमाने, घरे आणि वेतन यांचा तपशील मागितला; दोघांनी पूर्ण सहकार्य केले, बाकीच्यांनी अर्धवट किंवा मुळीच नाही; आणि जानेवारी २०११ मध्ये चौकशी संपली ती कोणालाही दंड न होता, स्वनियमनाच्या शिफारशीवर. त्याआधीचे दूरचित्रवाणी प्रचारक जिम बेकर यांचे प्रकरण तर सर्वश्रुत आहे: विश्रामधामात दरवर्षी काही दिवस मुक्कामाचा आजीवन हक्क देऊ असे सांगून हजार-हजार डॉलर गोळा केले, खोल्या मात्र त्या प्रमाणात बांधल्या नाहीत, आणि १९८९ साली सर्व २४ आरोपांवर शिक्षा झाली.

पहिल्या प्रकारात पैसा थंड आणि दूर असतो. दुसऱ्यात तो उबदार आणि अगदी जवळचा असतो, इतका की माणसाला तो स्वतःचाच वाटू लागतो. दोन्हींवर एकच औषध चालेल असे मला वाटत नाही.

प्रतिसाद ६. साधा विश्वासू

वहीखाते यांचे उत्तर वाचून मी तो अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचला. पंधरावे वचन मी संदर्भ सोडून वापरले, हे कबूल केले पाहिजे. तरीही माझी मूळ चिंता जात नाही. प्रश्न विचारणारे सगळेच योवाशासारखे नसतात. कित्येक वेळा हिशेबाचा प्रश्न हे गटबाजीचे हत्यार असते. ज्याला पंचमंडळात जागा मिळाली नाही त्याला अचानक पारदर्शकतेची आठवण होते. मंडळीची भांडणे न्यायालयात जातात आणि अर्पणाचा पैसा वकिलांच्या फीमध्ये जिरतो. त्यापेक्षा वरिष्ठ अधिकाराचा निर्णय मानून शांत राहणे बरे नव्हे काय? आणि जेथे वरिष्ठ अधिकारच नाही, तेथे तर कोण कोणाला विचारणार?

प्रतिसाद ७. वहीखाते

शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. वरिष्ठ अधिकार नसणे हेसुद्धा एक कवच होऊ शकते. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट परंपरेत प्रत्येक मंडळी स्वायत्त असते. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी घेऊन आलेल्यांना केंद्रीय समिती अनेक वर्षे हेच सांगत राहिली, की मंडळ्या स्वतंत्र आहेत, आम्हाला अधिकार नाही, नोंद ठेवणेही शक्य नाही. मे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशी अहवालातून कळले, की त्याच समितीच्या कार्यालयात आरोपितांची ७०० हून अधिक नावांची यादी गुपचूप ठेवली जात होती. भीती होती ती दाव्यांची आणि नुकसानभरपाईची, म्हणजे पुन्हा पैशाचीच. पैसे गोळा करताना केंद्र एक होते आणि जबाबदारीच्या वेळी मंडळ्या हजारो होत्या.

गटबाजीबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. त्यावर व्यवहारातला उपाय एवढाच, की हिशेब मागावा लागू नये. तो ठरलेल्या दिवशी आपोआप समोर यावा. मागून मिळालेला हिशेब नेहमी भांडणासारखा दिसतो. लाइस्निगला वर्षातून तीनदा वाचायचे ठरले होते, तेथे ‘तुम्हाला संशय आहे काय’ असे विचारण्याची सोयच उरत नाही.

दक्षिण कोरियातील योइडो चर्चचे उदाहरण आपल्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने लागू पडते. संस्थापक चो याँग-गी यांच्याविरुद्ध तक्रार करणारे बाहेरचे शत्रू नव्हते, त्याच मंडळीतील वडीलजन, म्हणजे ज्येष्ठ पदाधिकारी, होते. मुलाकडचे समभाग बाजारभावापेक्षा चढ्या किमतीत चर्चला घ्यायला लावल्याच्या प्रकरणी २०१४ साली न्यायालयाने चो यांना दोषी ठरवले. मंडळीचे नुकसान सुमारे १,३१० कोटी वॉनचे होते. शिक्षा स्थगित झाली. ज्या वडीलजनांनी आपल्या आत्मिक पित्याविरुद्ध कागदावर सही केली, त्यांना गटबाज म्हणणे मला जमत नाही.

प्रतिसाद ८. पाळकाची लेक

येथे एक गोष्ट राहून जाते आहे. आपण सगळे पैसा चोरीला जाण्याविषयी बोलतो आहोत. पैसा प्रामाणिकपणे मोजला जाऊनही दूषित असू शकतो.

१८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमधून ४७० हून अधिक पाळक बाहेर पडले. जमीनदाराने मंडळीवर पाळक लादण्याचा हक्क त्यांना मान्य नव्हता. घर, वेतन, चर्चची इमारत, सगळे सोडून ते निघाले. घर सोडणे म्हणजे काय ते मला ठाऊक असल्याने हा प्रसंग वाचताना मी नेहमी त्यांच्या बायकांचा विचार करते. त्यांचे नेते टॉमस चाल्मर्स यांनी सगळ्या पाळकांना समान वाटा मिळावा असा निधी उभारला, ज्यात श्रीमंत मंडळ्यांच्या पैशांनी गरीब मंडळ्यांचे पाळक जगत. माझ्या वडिलांना असा निधी मिळता तर याकोबाचा पाचवा अध्याय त्यांनी दरवर्षी घेतला असता.

परंतु बाहेर पडून त्यांनी स्थापलेल्या त्याच ‘फ्री चर्च’ने अमेरिकेच्या दक्षिणेतील, गुलाम बाळगणाऱ्यांच्या मंडळ्यांकडून सुमारे ३,००० पौंड घेतले. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून निसटून आलेले. १८४६ साली त्यांनी स्कॉटलंडभर सभा घेऊन ‘पैसे परत पाठवा’ ही एकच मागणी लावून धरली. ती घोषणा भिंतींवर रंगवली गेली. पैसे परत गेले नाहीत. आत्म्याच्या स्वातंत्र्यासाठी छप्पर सोडणाऱ्या माणसांनी दुसऱ्यांच्या साखळ्यांतून आलेला पैसा हिशेबात चोख लिहून घेतला. कोणतेही लेखापरीक्षण ही चूक पकडू शकत नाही, कारण वहीत चूक नव्हती.

प्रतिसाद ९. उंबरठ्याबाहेरचा

ताईंच्या प्रतिसादानंतर डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगोर आठवला. १८५४ च्या डिसेंबरात त्याने डेन्मार्कच्या राज्यचर्चवर जो हल्ला चढवला, त्यात अपहाराचा आरोप नव्हता. पाळक हे राजाचे पगारी अधिकारी आहेत, ख्रिस्ताच्या दारिद्र्यावर बोलणे ही त्यांची बढतीची वाट आहे, आणि सर्व कारभार कायद्याने निर्दोष आहे, हीच त्याची तक्रार होती. पुढल्या वर्षी मरताना त्याने पाळकाच्या हातून प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा पवित्र विधी, घेण्यास नकार दिला.

प्रतिसाद १०. वहीखाते

चर्चा डेन्मार्कपर्यंत गेली, आनंद आहे. माझा प्रश्न मात्र अजून दुसऱ्या प्रतिसादातच पडून आहे. कोऱ्या पानांवरची सही कोणाची?

प्रतिसाद ११. शेवटच्या बाकावरून

मी तो प्रश्न पाहिला होता आणि मधल्या काळात शेतकऱ्यांच्या बारा कलमांवर लिहीत बसलो, हे आपल्या लक्षात आलेच असेल.

सही माझी होती. वर्षाच्या सुरुवातीला खजिनदारांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले की दर रविवारी दुसरा माणूस शोधत बसण्यात वेळ जातो, तुम्ही तर नेहमी असताच, एकदाच करून टाका. ते वयाने मोठे, माझ्या वडिलांचे स्नेही. ‘नको’ म्हटले असते तर मी त्यांच्यावर संशय घेतो आहे असे झाले असते. मी बावन्न पानांवर सह्या केल्या. चहा येईपर्यंत पूर्णही झाल्या. त्यानंतर त्या वर्षी मी मोजणीला फार तर निम्मे रविवार हजर होतो. पैसे कमी-जास्त झाले असे मला म्हणायचे नाही. झाले असते तरी मला कळण्याचा मार्ग नव्हता, आणि विचारायला गेलो असतो तर माझीच सही मला दाखवली गेली असती.

प्रतिसाद १२. पाळकाची लेक

ती वही सध्या कोणाकडे आहे?

प्रतिसाद १३. शेवटच्या बाकावरून

खजिनदारांकडेच. येत्या रविवारी उपासनेनंतर मागून घेणार आहे, आणि उरलेल्या पानांवरच्या माझ्या सह्या त्यांच्यासमोर खोडणार आहे. ते काय म्हणतात ते येथे लिहीन.